औषध कीं पथ्य? पक्षाघाताच्या निवारणाची कथा

१९४५ सालच्या एप्रिल महिन्याची १२ तारीख. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत वॉर्म स्प्रिंग्ज नांवाच्या लहानशा गांवीं त्या देशाचे अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट विश्रांतीसाठीं येऊन राहिले होते. दुपारची वेळ होती. एक चित्रकर्ती त्यांचें चित्र रंगवीत होती आणि ते समोरचे कागद चाळीत बसले होते. एकाएकीं त्यांचा हात डोक्याकडे गेला. डोकें मागच्या बाजूस भयंकर दुखतें आहे एवढेंच ते बोलले आणि शुद्ध हरपून खुर्चींत कोसळले. त्यांचे डॉक्टर हॉवर्ड ब्रुएन यांनीं रक्ताचा दाब मोजला, तो ३०० वर १९० भरला. दोन-अडीच तासांत सर्व आटोपलें. महायुद्धांतील विजयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या राष्ट्राचा नायक मेंदूंतील रक्तस्रावानें गेला. त्याचें वय अवघें त्रेसष्ट वर्षांचें होतें.

हा मृत्यु जगाला अकस्मात् आल्यासारखा वाटला. परंतु डॉक्टरांच्या टांचणांत त्याची चाहूल कित्येक वर्षें उमटत होती. १९३७ सालीं अध्यक्षांचा दाब १६२ वर ९८ होता. १९४१ सालीं तो १८८ वर १०५ झाला. मार्च १९४४ मध्यें डॉ. ब्रुएन यांनीं त्यांना प्रथम तपासलें त्या वेळीं तो १८६ वर १०८ होता आणि हृदयही थकलेलें होतें. मग जगांतील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखास त्या काळचें वैद्यक काय देऊं शकलें? हृदयासाठीं डिजिटॅलिस, मन शांत राहावें म्हणून फिनोबार्बिटल, सिगारेटी कमी, दुपारची विश्रांति आणि मीठ आवरलेला हलका आहार. दाब उतरविणारें भरंवशाचें औषध त्या यादींत एकही नव्हतें. कारण तें अद्याप जगांतच नव्हतें. आज हीच व्याधि घेऊन कोणी सामान्य मनुष्य तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत गेला तरी त्यास थोडक्या किंमतीची गोळी मिळते. मधल्या काळांत जें घडलें त्याचा इतिहास औषध आणि पथ्य यांच्या जुन्या वादाचा इतिहास आहे, आणि त्या वादाचा जो निकाल लागला तो दोन्ही पक्षांना अनपेक्षित असाच आहे.

पक्षाघात हा रोग मनुष्यजातीच्या फार जुन्या ओळखीचा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत वातव्याधींचें जें प्रकरण आहे, त्यांत एका बाजूचें अंग लुळें पडण्याच्या या व्याधीचें वर्णन आहे. हिपॉक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नांवावर असलेल्या ग्रंथांतही, घाव बसल्यासारखा मनुष्य एकाएकीं कोसळतो त्या रोगाचा निर्देश सांपडतो. परंतु या रोगाचें मूळ मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आहे हें कळावयास सतरावें शतक उजाडावें लागलें. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथील वैद्य योहान याकोब वेप्फर यानें पक्षाघातानें मेलेल्यांच्या प्रेतांची तपासणी करून त्यांच्या मेंदूंत सांडलेलें रक्त पाहिलें आणि १६५८ सालीं तें ग्रंथरूपानें जगापुढें मांडलें. आज या रोगाचे मुख्य प्रकार दोन मानतात. एकांत मेंदूंतील रक्तवाहिनी फुटते. दुसऱ्यांत ती गुठळीनें बुजते आणि पुढचा भाग रक्तावांचून मरतो. तंबाखू, मधुमेह, हृदयाची अनियमित गति अशीं इतर कारणें आहेतच. परंतु दोन्ही प्रकारांच्या मागें उभें असलेलें सर्वांत मोठें कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब होय.

हा दाब डोळ्यांना दिसत नाहीं आणि बहुधा शरीरालाही जाणवत नाहीं. म्हणून तो मोजतां येईपर्यंत त्यावर उपाय निघणें शक्यच नव्हतें. पहिलें माप घेतलें तें एका धर्मोपदेशकानें. इंग्लंडमधील टेडिंग्टनचे पाद्री स्टीफन हेल्स यांनीं एका घोडीच्या धमनींत नळी बसवून तिला उभी लांब कांचेची नळी जोडली; तींत रक्त ८ फूट ३ इंच उंच चढलें. हा प्रयोग त्यांनीं १७३३ सालीं प्रसिद्ध केला. मनुष्यावर अर्थात् असा प्रयोग करणें शक्य नव्हतें. त्यासाठीं पुढें दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं. १८९६ सालीं इटलींतील ट्यूरिन शहरीं शिपिओने रिवा-रोच्ची यांनीं दंडाभोंवतीं हवेनें फुगणारा पट्टा गुंडाळून पाऱ्याच्या स्तंभावर दाब मोजण्याची युक्ति काढली. १९०५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील निकोलाय कोरोत्कॉफ या तरुण शस्त्रवैद्यानें, पट्टा सैल होत असतां धमनीवर नळी ठेवून ऐकलें म्हणजे जे ठोके उमटतात व पुढें विरतात, त्यांवरून वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब सांगतां येतात, हें एका त्रोटक निवेदनांत कळविलें. हृदय आकुंचन पावतें तेव्हांचा तो वरचा आकडा, आणि तें विसावतें तेव्हांचा तो खालचा. दवाखान्यांतून आजही दंडावर तो पट्टा चढतो तो याच दोघांच्या पुण्याईनें.

दाब मोजतां येऊं लागला, तरी तो उतरवावा कीं नाहीं याविषयीं मात्र मोठमोठ्या डॉक्टरांचें एकमत नव्हतें. वय वाढतें तशा रक्तवाहिन्या कठिण होतात. त्यांतून मेंदूस व मूत्रपिंडांस रक्त पोंचावें म्हणून निसर्गच दाब वाढवितो, तेव्हां त्याच्या आड येणें धोक्याचें, असें पुष्कळांना वाटे. अमेरिकेंतील सुप्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ पॉल व्हाइट यांनीं १९३१ सालच्या आपल्या ग्रंथांतही अशीच शंका नोंदविली होती. या व्याधीला इंग्रजींत जें नांव पडलें, त्याचा अर्थसुद्धां ‘आवश्यक’ असाच होतो.

पहिला धागा सांपडला तो औषधाच्या कपाटांत नव्हे, स्वयंपाकघरांत. १९०४ सालीं पॅरिसमध्यें आंबार आणि बोझार या दोन डॉक्टरांनीं आपल्या रोग्यांच्या आहारांतील मीठ आणि लघवीवाटे बाहेर पडणारें मीठ यांचा हिशेब मांडला. मीठ शरीरांत सांचलें कीं दाब चढतो आणि मीठ तोडलें कीं तो उतरतो, असें त्यांना दिसून आलें. १९२० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें फ्रेडरिक ॲलन यांनीं हाच उपाय नेटानें चालविला. परंतु इतरांना तसा गुण आला नाहीं. त्याचें कारण साधें होतें. मीठ थोडें कमी करून भागत नव्हतें. तें जवळजवळ संपूर्ण तोडावें लागे, आणि तितकें अळणी अन्न फार दिवस कोण खाणार? उपाय खोटा नव्हता. रोग्याच्या जिभेला तो पेलत नव्हता. एवढ्यावरून कित्येक डॉक्टरांनीं तो निरुपयोगी ठरविला.

ही जीभ जिंकण्याचें काम एका निर्वासितानें केलें. वाल्टर केम्प्नर हे जर्मनींतील डॉक्टर. ज्यू वंशामुळें मायदेशीं राहणें अशक्य झाल्यावर ते १९३४ सालीं अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायनामधील ड्यूक विद्यापीठांत आले. आजारी मूत्रपिंडांवरचा भार शक्य तितका हलका करावा, या विचारानें त्यांनीं १९३९ च्या सुमारास एक आहार सिद्ध केला. त्यांत भात, फळें, फळांचे रस आणि साखर याशिवाय कांहीं नव्हतें. दिवसाला सुमारें २००० उष्मांक, प्रथिनें २० ग्रॅमच्या आसपास, आणि मीठ अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. भात हा आपल्याकडील घरांत नवलाचा पदार्थ नव्हे. परंतु ना आमटी, ना लोणचें, ना दूध, ना मिठाचा कण, असा निव्वळ भात महिनोन् महिने खावयाचा म्हणजे काय, याची कल्पना ज्या गृहिणीच्या हातून एखाद्या दिवशीं भाजींत मीठ घालावयाचें राहिलें असेल तिला सहज येईल.

हा आहार फार दिवस देणें केम्प्नर यांनाही प्रथम धोक्याचें वाटत होतें. मग १९४२ सालीं एक योगायोग घडला. तेहतीस वर्षांच्या एका शेतकरी स्त्रीचीं मूत्रपिंडें बिघडलीं होतीं, दाब १९० वर १२० होता आणि डोळ्यांच्या आंतल्या पडद्यावर रक्त सांडलें होतें. त्यांनीं तिला दोन आठवडे आहार पाळून परत यावयास सांगितलें. त्यांचे जर्मन उच्चार तिला नीट उमगले नाहींत आणि ती दोन महिन्यांनीं परत आली. एवढ्या अवधींत तिला अपाय झाला असेल या भीतीनें त्यांनीं तिला तपासलें, तों दाब १२४ वर ८४ वर आलेला, डोळ्यांतील रक्तस्राव ओसरलेला आणि फुगलेलें हृदय आकारानें लहान झालेलें! त्या काळीं असा रोगी थोड्या काळाचा सोबती समजत. केम्प्नर यांनीं १९४४ सालीं आपले अनुभव प्रसिद्ध केले. ज्या वर्षीं रूझवेल्ट यांच्या दाबाचा आकडा डॉ. ब्रुएन टिपून ठेवीत होते तेंच हें वर्ष, आणि देशही तोच.

केम्प्नर यांच्यावर टीका पुष्कळ झाली, आणि ती अगदींच निराधार नव्हती. त्यांनीं आपल्या रोग्यांची आहार न पाळणाऱ्या अशाच दुसऱ्या रोग्यांशीं रीतसर तुलना केली नाहीं. शिवाय त्यांची शिस्त इतकी कडक होती कीं ती पाळणारे थोडेच निघत. परंतु दाब उतरे हें खरें होतें. मग त्या भातांत गुण होता तो कशाचा? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंतील व्हिन्सेंट डोल व त्यांचे सहकारी यांनीं १९५० सालीं काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांवरून याचें उत्तर दिलें. गुण भाताचा नव्हता; मिठांतील सोडियम जवळजवळ नाहींसा झाला होता, त्याचा होता.

पथ्याची बाजू अशी पुढें येत असतां औषधाची बाजू उभी राहिली ती आपल्याच देशांतून. सर्पगंधा नांवाचें एक लहानसें झुडूप हिंदुस्थानांत ठिकठिकाणीं उगवतें. त्याची मुळी वैद्य व हकीम निद्रानाश, उन्माद आणि सर्पदंश यांवर फार दिवसांपासून देत आले. उत्तरेकडे तर तिला ‘पागल की दवा’ असेंच म्हणत. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं या मुळीनें वेड शांत होतें तसाच वाढलेला रक्तदाबही उतरतो, असें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयांतील रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफात हुसेन सिद्दीकी यांनीं तिच्यांतील कांहीं द्रव्यें वेगळीं काढलीं व त्यांपैकीं एकास हकीम अजमलखान यांचें नांव दिलें.

या मुळीला जगाच्या वैद्यकांत स्थान मिळालें तें मात्र मुंबईहून. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांना सर्पगंधेची मुळी देऊन आपलीं निरीक्षणें १९४९ सालीं इंग्लंडमधील हृदयरोगविषयक मासिकांत छापलीं. दाब हळूहळू उतरतो, मन शांत राहतें आणि मोठा अपाय दिसत नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो निबंध वाचून बॉस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनीं ही मुळी अमेरिकेंत वापरून पाहिली. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं तिच्यांतील मुख्य कार्यकारी द्रव्य शुद्ध रूपांत काढलें, तेंच रेसर्पिन. १९५७ सालीं डॉ. वकील यांना या कामगिरीबद्दल अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें. पुढें मोठ्या मात्रेंत हें औषध घेणाऱ्या कांहीं रोग्यांचें मन खिन्न होतें अशा तक्रारी आल्या आणि नवीं औषधें निघाल्यावर तें मागें पडलें. परंतु एक महत्त्वाची साक्ष देण्याचें काम त्याच्याकडे अजून यावयाचें होतें.

याच सुमारास दुसरें एक औषध निघालें आणि त्यानें पथ्य व औषध यांच्यामधली भिंतच पाडली. अमेरिकेंतील मर्क कंपनीचे कार्ल बायर आणि त्यांचे सहकारी मूत्रपिंडांतून मीठ बाहेर टाकणाऱ्या द्रव्याचा शोध करीत होते. त्यांतून क्लोरोथायाझाइड निघालें व १९५८ सालीं तें बाजारांत आलें. ही गोळी मूत्रपिंडांना, मीठ रक्तांत परत ओढूं नका, लघवीवाटे जाऊं द्या, असा जणूं हुकूम देते. मिठाबरोबर पाणी जातें, कालांतरानें रक्तवाहिन्याही सैल होतात आणि दाब उतरतो. श्रोत्यांच्या ध्यानांत येईल कीं केम्प्नर जें काम अळणी भातानें करीत, तेंच काम ही लहानशी गोळी दुसऱ्या टोंकानें करीत होती. पथ्य मिठाला दारांतून आंत येऊं देत नव्हतें. गोळी आंत आलेल्याला मागच्या दारानें बाहेर घालवीत होती. पथ्यानें दाखविलेल्या वाटेनेंच औषध चाललें होतें. फरक एवढाच कीं रोग्याला आतां जेवण सोडावें लागत नव्हतें. थोड्याच वर्षांत केम्प्नर यांचा आहार बहुतेक डॉक्टरांच्या विस्मृतींत गेला.

तरीही मुख्य प्रश्न शिल्लकच होता. दाब उतरला म्हणजे पक्षाघात टळतो काय? आकडा सुधारणें ही एक गोष्ट. आणि मनुष्य वांचणें ही दुसरी. याचा निर्णय करण्याचें काम वॉशिंग्टन येथील डॉ. एडवर्ड फ्राइस यांनीं हातीं घेतलें. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत त्यांनीं रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे योगायोगानें पाडले. एकास खरीं औषधें आणि दुसऱ्यास तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या दिल्या. कोणास काय मिळतें हें रोग्यालाही ठाऊक नव्हतें आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरालाही. खऱ्या औषधांत तीन द्रव्यें होतीं: थायाझाइड जातीचें मीठ काढणारें औषध, हायड्रॅलाझिन, आणि आपल्या सर्पगंधेचें रेसर्पिन.

१९६७ सालीं पहिला निकाल लागला. ज्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता अशा १४३ पुरुषांपैकीं खोट्या गोळ्या घेणाऱ्या ७० जणांत २७ जणांना गंभीर उपद्रव झाला. खरीं औषधें घेणाऱ्या ७३ जणांत फक्त दोघांना. फरक इतका उघड होता कीं प्रयोगाचा हा भाग ठरल्या वेळेआधींच थांबवावा लागला. ज्यांचा दाब त्याहून कमी, म्हणजे खालचा आकडा ९० ते ११४ होता अशा ३८० जणांचा निकाल १९७० सालीं आला. खोट्या गोळ्यांच्या गटांत २० जणांना पक्षाघात झाला. खऱ्या औषधांच्या गटांत ५ जणांना. दाब हा निसर्गाचा उपकार आहे, त्याच्या आड येऊं नये, हें मत त्या दिवसापासून इतिहासजमा झालें.

वृद्धांचा दाब वाढावयाचाच, ही समजूत मात्र आणखी वीस वर्षें टिकली. १९९१ सालीं अमेरिकेंतच साठ वर्षांवरील ४७३६ स्त्री-पुरुषांवर केलेल्या मोठ्या प्रयोगानें तीही मोडली. यांच्यांत फक्त वरचा दाब वाढलेला होता. त्यांना थोड्या मात्रेंत मीठ काढणारी गोळी दिल्यावर पक्षाघाताचें प्रमाण ३६ टक्क्यांनीं घटलें. पुढें अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. औषधानें वरचा दाब १० अंशांनीं उतरला म्हणजे पक्षाघाताची भीति सुमारें चतुर्थांशानें कमी होते, असें त्यावरून ठरलें. औषधाचा विजय येथें पूर्ण झाला असें कोणासही वाटेल.

परंतु औषध एकेका माणसाला वांचवितें. संबंध समाजाचें काय? या प्रश्नाचें उत्तर पाहण्यासाठीं जपानकडे वळलें पाहिजे. १९५१ पासून १९८० पर्यंत जपानांत मृत्यूचें पहिलें कारण पक्षाघात हेंच होतें. ईशान्येकडील अकिता, आओमोरी या थंड प्रांतांत तर तारुण्य ओसरतें न ओसरतें तोंच शेतकरी या रोगाला बळी पडत. तेथें हिवाळा लांब व बर्फाचा. त्या महिन्यांसाठीं भाज्या आणि मासे मिठांत मुरवून ठेवीत, आणि सोयाबीनची खारट मिसो प्रत्येक जेवणांत असे. तेथील माणसाच्या पोटांत दिवसाला सुमारें २६-२७ ग्रॅम मीठ जाई. अमेरिकेंतील ब्रुकहेवन येथील लुइस डाल यांनीं निरनिराळ्या लोकांचें मीठ आणि त्यांचा रक्तदाब यांची जी तुलना मांडली, तींत मिठाच्या बाबतींत सर्वांच्या वर होते ते हेच उत्तर जपानी. हिरोसाकी विद्यापीठाचे नाओसुके सासाकी यांना आणखी एक गोष्ट आढळली. त्याच मुलखांत जेथें सफरचंदांच्या बागा आहेत आणि लोक तीं रोज खातात, तेथें दाब कमी असतो. फळांतील पोटॅशियम हें द्रव्य सोडियमचें बळ कमी करतें, याची ती पूर्वसूचना होती.

पुढें जपाननें काय केलें? गांवोगांवीं रक्तदाब तपासण्याच्या मोहिमा निघाल्या. १९६१ सालीं सर्वांसाठीं आरोग्यविमा झाला, त्यामुळें औषध गरिबालाही परवडूं लागलें. घरोघरीं शीतकपाटें आलीं आणि मासे मिठांत पुरून ठेवण्याची गरज उरली नाहीं. मिसो कमी खारट करण्याचे धडे गृहिणींना मिळाले. डोंगराळ नागानो प्रांतानें १९८१ पासून मीठ कमी करण्याची चळवळच चालविली. परिणाम असा झाला कीं १९६५ ते १९९० या पंचवीस वर्षांत वयोमानाचा हिशेब धरून जपानांतील पक्षाघाताचे मृत्यु सुमारें ८० टक्क्यांनीं घटले. देशाच्या २०१९ सालच्या पाहणींत मीठ माणशीं सुमारें १० ग्रॅमवर आलेलें दिसलें. या यशांत गोळीचा वांटा किती आणि मीठ तोडल्याचा किती, हें तोलून सांगणें कठिण आहे; कारण दोन्ही एकाच वेळीं, एकाच घरांत शिरलीं. किंबहुना जपानच्या अनुभवाचा बोध तोच आहे.

पथ्याचाही रीतसर प्रयोग व्हावा, ही अपेक्षा अमेरिकेंत पुरी झाली. १९९७ सालीं ४५९ माणसांना आठ आठवडे ठराविक जेवण दिलें. फळें, भाज्या, सायविरहित दूध व कडधान्यें भरपूर; तूप-चरबी व गोड बेताचें; मीठ मात्र सर्वांना सारखें. ज्यांचा दाब मुळांत वाढलेला होता त्यांचा वरचा दाब ११ अंशांहून अधिक उतरला. एका गोळीनें साधावें तेवढें हें काम होतें. २००१ सालीं त्याच जेवणांतील मीठही कमी केलें, तेव्हां दाब आणखी उतरला. तरी या प्रयोगांनीं मोजला तो दाब, पक्षाघात नव्हे.

ती उणीव चीननें भरून काढली. उत्तर चीनमधील ६०० खेडीं निवडलीं. पूर्वीं पक्षाघात होऊन गेलेलीं, किंवा साठी उलटलेलीं आणि दाब असलेलीं, अशीं जवळजवळ २१ हजार माणसें त्यांत घेतलीं. निम्म्या खेड्यांना नेहमींचें मीठ, आणि निम्म्यांना तीन भाग नेहमींचें मीठ व एक भाग पोटॅशियम क्लोराइड असें मिश्रण दिलें. चवींत फारसा फरक नव्हता. स्वयंपाक, पदार्थ, रीतिभाति सर्व पूर्वींप्रमाणेंच. सुमारें पांच वर्षांचा हा हिशेब २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. साध्या मिठाच्या खेड्यांत दर हजारीं वर्षाला सुमारें ३४ पक्षाघात, तर मिश्र मिठाच्या खेड्यांत २९. म्हणजे १४ टक्के कमी. यांतील बहुतेक माणसें दाबाचीं औषधें आधींपासूनच घेत होतीं. म्हणजे औषध चालू असतांही पथ्यानें आपलें काम केलें आणि औषधाच्या गुणांत भर घातली. एक सावधगिरी मात्र अवश्य आहे. ज्यांचीं मूत्रपिंडें दुबळीं आहेत, किंवा जे पोटॅशियम वाढविणारीं औषधें घेतात, त्यांना असें मीठ अपायकारक होतें. डॉक्टरांस विचारल्यावांचून त्यांनीं तें घेऊं नये.

तात्पर्य, औषध कीं पथ्य हा प्रश्नच चुकीच्या तऱ्हेनें विचारला जात होता. औषधाच्या आधीं पथ्य, ही आपल्याकडील जुन्या वैद्यांची शिकवण. आणि एकदां गोळी मिळाली कीं पथ्याची कटकट कशाला, ही नव्या काळाची समजूत. इतिहासानें दोन्हींची मर्यादा दाखविली आहे. दाब जरासाच चढलेला असेल तर आहार, चालणें आणि वजन आवरणें यांनीं कित्येकदां भागतें. तो पुष्कळ चढलेला असेल, किंवा एकदां झटका येऊन गेला असेल, तर एकट्या पथ्यावर विसंबणें म्हणजे केम्प्नर यांच्या त्या दुर्मिळ रोग्यांइतका निग्रह प्रत्येकाच्या अंगीं आहे असें मानणें होय. उलटपक्षीं, एका हातानें गोळी घ्यावयाची आणि दुसऱ्या हातानें पापड-लोणच्याची बरणी पुढें ओढावयाची, म्हणजे मागच्या दारानें घालविलेलें मीठ पुढच्या दारानें परत आणावयाचें. जागतिक आरोग्य संघटनेनें दिवसाला ५ ग्रॅमपेक्षां कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ योग्य मानलें आहे. भारतांतील निरनिराळ्या पाहण्यांत तें ८ ते ११ ग्रॅमपर्यंत आढळलें आहे. मीठ हें आपल्याकडे चवीचेंच नव्हे तर इमानाचेंही प्रतीक आहे. खाल्ल्या मिठाला जागावें असें आपण म्हणतों. परंतु शरीरही खाल्ल्या मिठाला आपल्या परीनें जागतेंच, आणि त्याचा हिशेब तें वर्षानुवर्षें रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर लिहून ठेवतें.

या रोगाचा खरा घातकपणा त्याच्या मौनांत आहे. दाब वाढला तरी मनुष्य हिंडतो, जेवतो, कचेरींत जातो. कांहीं दुखत नाहीं, म्हणून तो पथ्य सोडतो. कांहीं दुखत नाहीं, म्हणून तो आपल्या मनानेंच गोळीही सोडतो. घरांतलीं माणसेंही, बरे दिसतात ना, मग कशाला रोज रोज औषध, असें प्रेमानेंच म्हणतात. दोन्ही उपाय हातीं असतां दोन्ही व्यर्थ जातात ते येथें. चालू औषध बंद करावयाचें कीं कमी करावयाचें, हें मोजलेल्या आकड्यावरून डॉक्टरांनीं ठरवावयाचें असतें. अंगाला बरें वाटण्यावरून नव्हे.

वॉर्म स्प्रिंग्जच्या त्या दुपारीं आकडा ठाऊक होता, डॉक्टर जवळ होते, पथ्यही कांहींसें चालू होतें. नव्हतें तें औषध. आज औषध आहे, पथ्याचें रहस्यही उकललें आहे. ज्या घरांत वडील माणसाच्या दंडावर दर महिन्याला तो पट्टा बांधला जातो, गोळीची वेळ कोणीतरी आठवणीनें सांभाळतें आणि पानांत वरून मीठ वाढण्याची चाल हळूहळू मोडते, त्या घरानें हेल्सच्या कांचेच्या नळीपासून चीनच्या खेड्यांपर्यंतच्या तीनशें वर्षांच्या परिश्रमाचें फळ पदरांत पाडून घेतलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.